टाचणात एक रकाना वाढवा

सत्तरी, गोवा
जुलै महिना, पाऊस चालू

शिक्षकांसाठी तंत्रज्ञानाची प्रशिक्षणे आखणाऱ्या, त्यांत व्याख्याने देणाऱ्या आणि संध्याकाळी प्रमाणपत्रांवर सह्या करणाऱ्या सर्व मंडळींस,

स. न. वि. वि.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात पाचवी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान आणि भूगोल शिकवते. नोकरीला १९ वर्षे झाली. या वर्षांत किती प्रशिक्षणांना बसले याचा हिशेब नाही, पण तिथे मिळालेल्या पेनांवर माझ्या मुलीची दहावीपर्यंतची शाळा झाली. तेव्हा हे पत्र बाहेरून दगड मारणारीचे नाही, जुन्या गिऱ्हाइकाचे आहे असे समजून वाचा.

मे महिन्यात पावसाआधी माळा आवरायला काढला, तेव्हा माझ्या जुन्या टाचणवह्या हाती लागल्या. टाचण म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण पालकही हे पत्र वाचतील म्हणून सांगते. उद्याच्या तासाला काय शिकवायचे, कसे आणि कशाने, ते आदल्या दिवशी वहीच्या रकान्यांत लिहायचे आणि त्यावर हेडमास्तरांची सही घ्यायची.

जलचक्राचा पाठ मी जवळजवळ दरवर्षी शिकवला आहे. २००७ च्या वहीत ‘शैक्षणिक साधने’ या रकान्यात लिहिले आहे, ‘फळा, खडू, तक्ता’. २०१४ च्या वहीत ‘संगणक कक्ष, सीडी’. २०२० च्या वहीत ‘व्हॉट्सॲप, व्हिडिओची लिंक’. गेल्या वर्षीच्या वहीत ‘स्मार्ट टीव्ही, पीपीटी’. उद्दिष्टाचा रकाना मात्र चारही वह्यांत अक्षरशः एकच आहे, ‘विद्यार्थी जलचक्राची प्रक्रिया स्वतःच्या शब्दांत सांगतील’. स्वाध्यायही तोच.

आणि मुले? ढग, डोंगर, बाण असलेली आकृती सगळी सुरेख काढतात. गेल्या वर्षी पैकीच्या पैकी गुण घेणाऱ्या एका मुलीला मी सहज विचारले, पावसात चुलीवरच्या दोरीवर कपडे सुकवतो, त्यांतले पाणी जाते कुठे? ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘खंय वता म्हणल्यार? सुकता!’’ कुठे जाते म्हणजे काय, सुकते. तिच्या लेखी सुकणे म्हणजे पाणी नाहीसे होणे. ते वाफ होऊन हवेत आहे, याच खोलीत आहे, हे तिला कुणी पटवून दिलेच नव्हते. कुणी म्हणजे मीच. माझा व्हिडिओ सुंदर होता. त्यात समुद्रावरून पांढऱ्या वाफेच्या लाटा वर जाताना दिसत होत्या, म्हणून वाफ ही फक्त समुद्रातून वर जाते आणि डोळ्यांना दिसते अशी आणखी एक चुकीची समजूत मी तिला वर दिली.

चार वह्या, चार साधने, आणि मूल अडते ती जागा जिथल्या तिथे. माझ्या वहीत त्या जागेसाठी रकानाच नाही. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे, पण एवढे सांगून तुमचे समाधान होणार नाही, म्हणून जरा तपशिलात जाते.

तुमच्या प्रशिक्षणात तीन वर्तुळांची एक स्लाइड हमखास असते. विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान, तंत्रज्ञानाचे ज्ञान. आणि तिन्ही जिथे एकमेकांवर येतात त्या इवल्याशा तुकड्यात चांगला शिक्षक उभा. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेली ही कल्पना मला मनापासून पटते. त्याच्याही आधी, १९८६ मध्ये, ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञांनी म्हटले होते की विषय येणे वेगळे, शिकवता येणे वेगळे, आणि हा विषय मुलांच्या डोक्यात कुठे अडतो ते माहीत असणे हे तिसरेच. पण ती स्लाइड दोन मिनिटांत पुढे सरकते आणि उरलेला दिवस आपण एकाच वर्तुळात काढतो. एका प्रशिक्षणात मी मोजले. दिवसभरात ११ ॲप दाखवली. सकाळ लॉगइन करण्यात गेली, कारण अर्ध्या जणांना ओटीपीच येईना. दुपारी भाजीपाव खाऊन आल्यावर प्रश्नमंजूषा कशी बनवायची ते शिकलो. पाठ कोणता, वर्ग कोणता, त्या पाठात मुले कुठे घसरतात, हे दिवसभरात कुणी कुणाला विचारले नाही. बोलणारे गृहस्थ चांगले होते, तयारीने आले होते. त्यांना सांगितलेच होते ॲप दाखवायला.

आता माझा एक तास सांगते. सहावी, वीज. वाळपईच्या बाजारातून पेन्सिल सेल, वायर आणि टॉर्चचे जुन्या पद्धतीचे बल्ब आणले. (हे बल्ब आता शोधावे लागतात. दुकानदार एलईडी देतो, आणि तो दीड व्होल्टच्या एका सेलवर पेटतच नाही. पुढच्या प्रशिक्षणात पेनाऐवजी टॉर्चचे चार बल्ब दिलेत तर दुवा देईन.) मुलांनी गटागटाने बल्ब पेटवले. आरडाओरडा झाला, तो व्हायलाच हवा. मग सगळे खाली ठेवायला लावून मी फळ्यावर एक सेल, एक बल्ब आणि दोन वायरी काढल्या आणि विचारले, बल्बच्या आधीच्या वायरीत विद्युतधारा जास्त, बल्बनंतरच्या वायरीत जास्त, की दोन्हीकडे सारखी? वहीत लिहा, शेजाऱ्याचे बघू नका.

३१ मुलांपैकी २३ जणांनी लिहिले, बल्बनंतर कमी. कारण विचारले तर पाठीमागून उत्तर आले, ‘‘टीचर, बल्ब करंट खाता.’’

हे वाक्य सोन्याचे आहे. जगभरची मुले इथेच अडतात, हे विज्ञान शिकवणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आमच्या पोराने ते तीन शब्दांत सांगितले. आणि ही अडचण खऱ्या सेल-बल्बने सुटत नाही, कारण वायरीच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. इथे, आणि इथेच, मला संगणक लागला. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्याची सिम्युलेशन्स फुकट आहेत, कित्येक मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर घेतली की इंटरनेट लागत नाही. त्यातल्या विजेच्या सिम्युलेशनमध्ये वायरीतून निळे ठिपके सरकताना दिसतात आणि धारा मोजायचे यंत्रही आहे. ते बल्बच्या आधी लावले, नंतर लावले. आकडा तोच.

वर्ग गप्प. मग तोच मुलगा म्हणाला, ‘‘टीचर, कॉम्प्युटर खोटें सांगता.’’

मला तेव्हा क्षणभर राग आला, कारण माझा नीट आखलेला पाठ तो मोडत होता. पण त्याचे चुकले कुठे? पडद्यावरचे ठिपके कुणीतरी काढलेले चित्रच तर आहे. म्हणून नववी-दहावीच्या प्रयोगशाळेतला खरा अमीटर आणायला एकाला पिटाळले. काटा आधी थरथरला, मग स्थिरावला. बल्बच्या आधी, नंतर, तेवढाच. आता तो मुलगा पुढे येऊन काट्याला डोळा लावून बसला आणि त्याने दुसरा प्रश्न टाकला. करंट जर बल्ब खात नाही, तर सेल संपतो कसा?

घंटा झाली. उत्तर द्यायला दुसऱ्या दिवशीचा तास लागला, आणि खरे सांगायचे तर ऊर्जा आणि धारा यांतला फरक सहावीच्या मुलांना मी अजून धड सांगू शकलेले नाही. पण पाठ झाला तो त्या प्रश्नापाशी झाला.

या ३५ मिनिटांच्या तासात संगणक कधी आला आणि कधी गेला? अठराव्या मिनिटाला आला, पंचविसाव्याला गेला. सात मिनिटे. आधी हात, मग अंदाज, मग पडदा, मग पुन्हा खरे यंत्र. क्रम उलटा केला असता तर काय झाले असते ते मला माहीत आहे, कारण आदल्या वर्षी मी तो उलटाच केला होता. सिम्युलेशन आधी दाखवले. त्यात सेलची दोन टोके नुसत्या वायरीने जोडली की आग लागल्याचे चित्र येते. पूर्ण तास मुलांनी आगी लावल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटले असते, काय रंगला आहे वर्ग!

तुमच्याकडे पुरावा म्हणून आम्ही फोटो पाठवतो. चालू असलेला टीव्ही, पुढे मुले, बाजूला टीचर, सगळे हसताहेत. आगीच्या वर्षाचा फोटो अमीटरच्या वर्षापेक्षा चांगला आला असता. फोटोत २३ वह्यांतले चुकीचे अंदाज येत नाहीत, आणि मला विचाराल तर तोच त्या तासाचा पुरावा आहे.

चुकले ते आणखी एक सांगते, भूगोलाचे. जलसंपत्तीचा पाठ होता. साळावली धरणाचे उदाहरण घेतले. दक्षिण गोव्याच्या बहुतेक नळांना त्याचेच पाणी जाते, आणि त्याच्या जलाशयाखाली कुर्डी हे गाव गेले, गानतपस्विनी मोगूबाईंचे कुर्डी. माणसे वाडे आणि वाल्किणी या गावांना हलवली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष वर येतात आणि मूळ कुर्डीकर सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात. शिकवायला याहून चांगला विषय कुठला? मी गूगल अर्थ उघडले. पृथ्वी गरगर फिरली, भारत आला, गोवा आला, आणि कुणीतरी ओरडले, ‘‘टीचर, आमचें घर दाखय!’’ संपला तास. एकेकाचे छप्पर, मग काजूची बाग, मग मामाचे छप्पर. कुर्डीपर्यंत पोचलोच नाही. वर नेटही गेले, त्यामुळे अर्ध्या मुलांची छपरे राहिली आणि ती दोन दिवस माझ्यावर रुसली.

पुढच्या वर्षी मी घरी बसून वेगवेगळ्या तारखांची उपग्रहचित्रे शोधली, काहींत जलाशय भरलेला, काहींत आटलेला, आणि त्यांचे स्क्रीनशॉट पेन ड्राइव्हवर घेतले. वर्गात भिंतीवर मोठा कार्डशीट चिकटवला आणि प्रोजेक्टरचा उजेड त्यावर सोडला. चार मुलांनी पाण्याची कड निळ्या खडूने गिरवली. मग चित्र बदलले, कार्डशीट हलवायचा नाही. दुसऱ्या चौघांनी आटलेल्या पाण्याची कड लाल खडूने गिरवली. प्रोजेक्टर बंद. कागदावर दोन रेघा, आणि त्यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा. मी विचारले, या पट्ट्यात घर असेल तर ते वर्षातले किती महिने पाण्याखाली? भात लावायचे झाले तर जमेल का? सत्तरीतलेच अंजुण्याचे धरण आमच्या मुलांच्या रोजच्या बघण्यातले, त्यामुळे त्यांना बोलायला पुष्कळ होते. एक मुलगी म्हणाली, तिच्या आजीचे भाटही (बागायत) असेच गेले, आजी त्याविषयी बोलत नाही. तासाचा उरलेला वेळ वीज नव्हती. कुणाच्या लक्षातही आले नाही.

या दोन तासांत तंत्रज्ञान तेच, गाव तेच, टीचर तीच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी मला आधीच ठाऊक होते की मुले कुठे भरकटणार आणि त्यांना नेमके काय दिसत नाही. धरण म्हणजे भिंत, एवढेच त्यांना दिसते. पाणी ऋतूप्रमाणे पसरते आणि आक्रसते हे दिसत नाही.

रणजितसिंह डिसले यांचे नाव तुमच्या प्रत्येक भाषणात येते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या या गुरुजींना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. तुम्ही त्यांचे क्यूआर कोड सांगता. पण त्यांनी आधी पाहिले होते ते हे, की वर्गातल्या मुलींची भाषा कन्नड आहे आणि पुस्तक तिच्यात नाही. म्हणून मजकूर मुलींच्या भाषेत आणला, आणि मग त्याला क्यूआर कोड जोडले. आपण क्यूआर कोड उचलला, भाषा तिथेच ठेवली.

भाषेची ही गोष्ट गोव्यात तर फारच लागते. आमची बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीतून वाचायला-लिहायला शिकतात, आणि पाचवीला येऊन बघतात तर पुस्तक इंग्रजी. जूनमध्ये पाचवीच्या वर्गात जा. जी मुले मार्चमध्ये घडाघडा धडा वाचत होती ती बोटाने एकेक अक्षर लावताना दिसतील. त्यांना विज्ञान येत नाही असे नाही. इव्हॅपोरेशन हा शब्द येत नाही. बाष्पीभवन येतो, तोही पाठ केलेला. आणि ‘आटता’ हा स्वतःच्या घरातला शब्द शाळेत चालतो की नाही याची खात्री नाही. या अडचणीला तुमच्या अकरा ॲपपैकी एकाने हात घातला नाही. माझ्याकडे त्यावर जो उपाय आहे तो सांगायला लाज वाटावी इतका साधा आहे, फोनमधला आवाजाचा रेकॉर्डर. दर पाठातले सहा शब्द दोन मुलांनी घ्यायचे. आधी इंग्रजी शब्द म्हणायचा, मग मराठी, मग घरी आपण त्याला काय म्हणतो ते आणि त्याचे एक उदाहरण. ‘‘इव्हॅपोरेशन. बाष्पीभवन. आमी म्हणटात आटप. आवय निस्त्याक हुमण करता तेन्ना आटता.’’ (आई माशाचे कालवण करते तेव्हा आटते.) मी हे ऐकते, चुकले तर पुन्हा बोलायला लावते, आणि धडा संपताना ते वर्गाला ऐकवते. स्वतःचा आवाज ऐकताना मुले लाजतात, दुसऱ्या वेळी जोरात बोलतात. पाचवीच्या वर्षअखेर जवळ जवळ शंभर शब्दांचा बोलता कोश तयार होतो, आणि पुढल्या वर्षीची मुले तो ऐकून हसतात, ‘‘हो म्हजो भाव!’’ हा माझा भाऊ! ना इंटरनेट, ना पासवर्ड.

(२०२० मध्ये सत्तरीतली आणि सांग्यातली मुले नेटवर्कसाठी डोंगरावर चढून बसत होती, हे आपण सगळ्यांनी पाहिले. तेव्हा मी पाठवलेला प्रत्येक व्हिडिओ कुणाला तरी डोंगर चढायला लावत होता. तेव्हापासून नेट लागणारे काही वर्गात आणायचे तर माझा हात आखडतो. तुम्ही याला माझा पूर्वग्रह म्हणा, चालेल.)

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असे यावरून कुणी ठरवू नये. पण नुसती साधने वाटून भागत नाही, पुरावाही हेच सांगतो. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने २०१५ मध्ये ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांच्या आधारे काढलेल्या अहवालात म्हटले की शाळांतल्या संगणकांवर ज्या देशांनी मोठा खर्च केला, त्यांच्या मुलांच्या वाचनात, गणितात, विज्ञानात ठळक सुधारणा दिसली नाही. पेरू देशाने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. पाहणीत गणित-भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. आणि उलट, दिल्लीत ६१९ मुलांवर साडेचार महिने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणितात आणि हिंदीत चांगलाच फायदा दिसला. तिथे शाळा सुटल्यावरच्या वर्गात ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर वापरले होते. ते काय करत होते? मूल सहावीत बसते की आठवीत ते बाजूला ठेवून, त्याला खरोखर कुठवर येते ते शोधायचे आणि तिथून पुढे न्यायचे. शिवाय निम्मा वेळ लहान गटात शिकवणारे माणूस असायचे. तिथेही सुरुवात मूल कुठे अडले आहे इथूनच झाली.

आता तर टाचणही चॅटजीपीटी लिहून देतो, हे तुमच्या कानावर आले असेलच. आले नसेल तर आमच्या स्टाफरूममध्ये येऊन बसा. एका मिनिटात सगळे रकाने भरतात, उद्दिष्टे अशी काही देखणी की हेडमास्तर सही करताना मान डोलावतात. मी एकदा त्याला उलटे विचारून पाहिले. विजेच्या पाठात सहावीची मुले कुठे अडतात? उत्तर चांगले होते, प्रामाणिकपणे सांगते. धारा बल्बमध्ये खर्च होते असे मुलांना वाटते, हे त्याने पहिल्याच ओळीत सांगितले. म्हणजे हे विचारले तर तोही कामाचा आहे. पण टाचणात तो रकानाच नसल्यामुळे कुणी विचारत नाही, आणि न विचारलेले तो सांगत नाही.

तर माझे मागणे असे आहे. पुढच्या प्रशिक्षणाच्या पत्रात लिहा की प्रत्येकाने आपला एक अडलेला पाठ घेऊन यावे, सोबत मुलांच्या पाच-सहा वह्या, चुकलेल्या उत्तरांच्या. सकाळ नुसती त्या वह्या वाचण्यात जाऊ द्या. सेलची, अपूर्णांकांची, सावलीची, ज्याची जी अडचण असेल ती. दुपारी तुम्ही तुमचे पोतडीतले काढा, आणि अकरा नको, दोनच काढा, ज्याच्या पाठाला जे लागू पडेल ते. कुणाच्या पाठाला काहीच लागू पडले नाही तर तसे म्हणायची मुभा ठेवा. ‘या पाठाला संगणक नको’ असे प्रशिक्षणात ठरले तर तो वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही. २०२१ पासून गोव्यात सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना आहे, संगणक शिक्षक शिकून तयार झाले आहेत. त्यांना आणि विषय शिक्षकांना जोडीने बोलवा. माझ्या शाळेतल्या संगणक शिक्षिकेने मला एका मधल्या सुट्टीत पावसाच्या आकड्यांचा आलेख काढून दिला. बाटलीच्या पर्जन्यमापकाने मुले रोज पाऊस मोजतात आणि मी तो तीन वर्षे वहीतच ठेवत होते. आम्ही दोघी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना शिकवतो.

आणि सहा आठवड्यांनी पुन्हा अर्धा दिवस बोलवा. काय फसले ते सांगायला. पहिल्या दिवशी सगळे हुशार असतात. सहा आठवड्यांनी कळते की प्रोजेक्टर कपाटात आहे, किल्ली क्लार्ककडे आहे, क्लार्क रजेवर आहे, आणि केबल दहावीच्या वर्गाने नेली आहे. मी घड्याळ लावून पाहिले आहे. माझ्या शाळेत प्रोजेक्टर लावायला ११ मिनिटे जातात. ३५ मिनिटांच्या तासात ११. पाठ आखताना ही ११ मिनिटेही टाचणातच धरावी लागतात, आणि हे कुठल्याही ॲपवर लिहिलेले नसते.

वहीचा नमुना ज्यांच्या हातात आहे त्यांनी ‘शैक्षणिक साधने’ या रकान्याच्या डावीकडे एक रकाना वाढवावा, ‘मूल कुठे अडेल’. रुंद ठेवा. साधनांचा अरुंद केला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सत्तरीतली एक टीचर

ता. क. १० ऑगस्टच्या आसपास आमच्याकडे या. गोव्यात वर्षातून दोनच दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिला दिवस मेच्या सुरुवातीला, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा ऑगस्टच्या दहा तारखेच्या आगेमागे, तेव्हा ढग. म्हणजे माझ्या मुलांना हे कधीच दिसत नाही, आणि रोज बाराला सूर्य डोक्यावर असतो हे त्यांनी पक्के धरले आहे. तो नव्या रकान्यातला मजकूर. म्हणून ‘स्टेलेरियम’ हा आकाश दाखवणारा फुकटचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर घालून ठेवला आहे, तो नेटशिवाय चालतो. पण ऊन पडलेच तर लॅपटॉप मिटवून काठी घेऊन मैदानात पळायचे ठरले आहे. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, तेव्हा साडेबारा वाजून गेल्यावर, पावणेएकच्या आत. वाळपईपर्यंत कदंबाची बस मिळते, पुढे मी स्कूटर घेऊन येईन. चपला रबरी घाला, मैदानात चिखल असेल.